कोऱ्या कागदावरची पुरसीस

माझ्या पंचाहत्तरीला वकील मंडळींनी एक गौरवअंक काढला. त्यात माझ्या कारकिर्दीवर सात पानी लेख आहे. तो लिहिला एका ज्युनिअरने, पण त्याला सांगितला मीच, माझ्याच घरी, खुर्चीत बसून. त्या लेखात एक वाक्य आहे : ‘भीमाकाठच्या एका गावातील स्मशानभूमीच्या रस्त्याचा कटू वाद त्यांनी उभय पक्षांना समोरासमोर बसवून सामोपचाराने मिटवला.’

हे वाक्य खोटं आहे. उभय पक्ष समोरासमोर कधीच बसले नाहीत. वाद मिटला नाही. दावा तेवढा निकाली निघाला. तो कसा निघाला, ते मी आता लिहितो आहे. माझं वय सत्त्याहत्तर आहे आणि या लिखाणात कुणाचंही नाव नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी पाबळकडच्या एका वाडीतला. घर शेतीवालं, भावकी मोठी. गावच्या सोसायटीवर, पंचायतीत आमचं कुणी ना कुणी असायचंच. वकील मात्र मी पहिला. पुण्यात शिकलो, शिरूरला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली पाच वर्षं काढली आणि मग स्वतःचं टेबल मांडलं. आठवड्यातले दोन दिवस दौंडच्या कोर्टात जायचो. सकाळची एसटी धरायची, न्हावऱ्याला उतरायचं, पुढची गाडी पकडून नदी ओलांडायची. न्हावऱ्याच्या स्टँडवर लोक कागद घेऊन माझी वाट बघत उभे असत. दुधाच्या किटल्या आणि कांद्याच्या पिशव्या यांच्यामधून वाट काढत कुणीतरी सातबारा पुढे करायचं, आणि दौंड येईपर्यंत माझी निम्मी वकिली गाडीतच व्हायची.

मी भांडणारा वकील नव्हतो. मी मिटवणारा होतो. भावाभावांची वाटणी, बांध, विहिरीची पाळी असली प्रकरणं मी दोन्हीकडच्यांना बसवून मिटवायचो. लोक म्हणत, ‘त्यांच्याकडं जा, वर्षात सुटशील.’ याच नावावर मी राजकारणात आलो. आधी पंचायत समिती, मग दोनदा जिल्हा परिषद, त्यात अडीच वर्षं एका समितीचं सभापतिपद. आमदारकीचं तिकीट दोनदा हुकलं. आता त्याचं काही वाटत नाही.

आमच्याकडे एक पद्धत होती, ती आधी सांगितली पाहिजे. पक्षकार पहिल्यांदा आला की वकीलपत्रावर त्याची सही घ्यायची, आणि त्याच बैठकीत तीन-चार कोऱ्या कागदांवरही तळाशी सह्या घेऊन ठेवायच्या. पुढे मुदतीचा अर्ज, नकलेचा अर्ज अशी किरकोळ कामं त्यावर भागत. खेड्यातल्या माणसाला एका सहीसाठी एसटीने बोलावलं की त्याचा दिवस मोडतो, रोजंदारी बुडते. मी सांगायचो, ‘तुमचा हेलपाटा वाचतो.’ ते खरंही होतं. बहुतेक सगळेच वकील असं करत. माझ्या कपाटात पक्षकारांच्या नावाचे लिफाफे होते आणि प्रत्येकात असे कागद. चाळीस वर्षांत एकाही पक्षकाराने नाही म्हटलं नाही. एक जण फक्त पेन हातात धरून थांबला होता.

त्यांना मी आबा म्हणायचो. वयाने माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. दौंडला रेल्वेत गँगमन, रुळांच्या देखभालीवर. गावातल्या बौद्ध वस्तीत नियमित वर्तमानपत्र वाचणारे तेव्हा ते एकटेच, म्हणून वस्तीचा कुठलाही कागद त्यांच्याकडे यायचा. पेन धरून त्यांनी विचारलं होतं, “साहेब, ह्याच्या वर काय लिव्हनार?”

मी म्हणालो, “लागेल ते.”

“बरं,” म्हणाले, आणि चारही कागदांवर सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

त्यांचा दावा रस्त्याचा होता. वस्ती गावाच्या वरच्या अंगाला, स्मशानभूमी खाली नदीकाठी. मधे एका मोठ्या बागायतदाराची जमीन. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, मीही. त्या जमिनीतून बैलगाडी जाईल एवढी वाट होती आणि वस्तीची माणसं कित्येक पिढ्या आपली मयतं त्याच वाटेने नेत होती. त्या वर्षी आप्पांनी नदीवरून पाइपलाइन आणली, वाट नांगरली आणि तिच्यात ऊस लावला. दुसरा मार्ग म्हणजे कालव्याच्या चारीच्या कडेकडेने जाऊन ओढा उतरायचा, पुन्हा चढायचा. तीन किलोमीटरचा वळसा. पावसाळ्यात ओढ्याला कमरेएवढं पाणी.

वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर तहसीलदारांकडे दावा करता येतो. पण तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आबा माझ्याकडे चौथ्या महिन्यात आले. दावा चांगला होता. जुना नकाशा होता, गावातले तीन म्हातारे साक्षीला तयार होते, त्यातले दोन तर आप्पांच्याच भावकीतले. मी आबांना सांगितलं होतं, “हा दावा आपण जिंकणार.” मला तसं खरोखरच वाटत होतं.

पाचव्या महिन्यात जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. मी अर्ज भरला. बाकीचे किरकोळ अर्ज निघणार होते. उरणार होता तो आप्पांचा पुतण्या. अकरा गावांत आप्पांचा शब्द चालायचा. पुतण्या उभा राहिला तर मी पडणार हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. माघारीच्या दिवसाआधी दोन दिवस त्यांनी मला चहाला बोलावलं.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले, “पोराला माघार घ्यायला सांगतो. बिनविरोध व्हा तुम्ही. पर त्याच्या आधी तुम्ही बी एक माघार घ्या.”

“कसली?”

“रस्त्याची.”

मी म्हणालो, “आबा ऐकायचे नाहीत.”

आप्पा हसले. “त्यांनी ऐकायला कशाला पायजे? सह्या असतील की तुमच्याकडं. माझ्या बी हायेत चार. त्या वाटणीच्या दाव्यातल्या. कुठं काय लिव्हलंय का तुम्ही त्याच्यावर आजून?”

मीही हसलो. ते हसू मला आजही आठवतं, कारण ते मला आपोआप आलं होतं. मला धक्का बसला नव्हता. त्या बैठकीत सगळ्यात जास्त आश्चर्य कशाचं वाटायला हवं होतं, तर त्याचंच.

माघारीच्या दिवशी सकाळी मी आबांचा लिफाफा काढला. पुरसीस म्हणजे पक्षकाराने न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन. मी मजकूर सांगितला, कारकुनाने आबांच्या सहीच्या वर टाइप केला : ‘वादी व प्रतिवादी यांच्यात गावपातळीवर समझोता झाला असून वादीस दावा पुढे चालविणे नाही. सबब दावा निकाली काढावा.’ मजकूर लहान, कागद मोठा. टाइप केलेली ओळ आणि सही यांच्यात बोटभर मोकळी जागा राहिली आणि ती डोळ्यांत खुपायला लागली. म्हणून मी माझ्या पेनाने तिथे लिहिलं, ‘वरील मजकूर वाचून पाहिला, समजला व मान्य आहे.’

तहसीलदारांनी विचारलं, “वादी कुठे आहेत?”

“तापाने आजारी आहेत, साहेब. सही आहे.”

त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं. वकिलाच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. दावा निकाली निघाला. मला वाटतं, सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागली असतील. आबा तेव्हा दौंडजवळ रुळांवर कामाला होते, ठणठणीत.

दुपारी पुतण्याने अर्ज मागे घेतला. कचेरीच्या बाहेर गुलाल उडाला. संध्याकाळी आबा ड्युटी संपवून, अंगावरचा निळा शर्ट न बदलता, दौंडहून थेट आले. मला हार घातला आणि म्हणाले, “साहेब, आता रस्ता व्हतोय बगा.”

दोन आठवड्यांनी मी त्यांना सांगितलं की दावा फेटाळला गेला, पुरावा कमी पडला. ते म्हणाले, “म्हातारी मानसं तर बोलायला तयार हुती.” मी म्हणालो, “कायद्यात बसलं नाही, आबा. आता मी सभागृहातून करून घेतो.” ते बराच वेळ माझ्या टेबलाकडे पाहत राहिले आणि उठून गेले. तोवर सहा महिने उलटून गेले होते. नवा दावा करायची मुदत संपली होती. हेही मी मोजलं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आबांची बायको गेली. मी सभापती नव्हतो अजून, पण मेंबर होतो, म्हणून गेलो. ओढ्याला पाणी होतं. वस्तीतली चार माणसं तिरडी डोक्याच्या वर धरून पाण्यात उतरली आणि पाचवा पुढे काठीने तळ चाचपत चालला. मी तिरडीच्या मागे तिसरा होतो. माझी चप्पल चिखलात राहिली, ती कुणीतरी हाताने उपसून, धुऊन मला परत दिली. स्मशानात मी श्रद्धांजलीचे चार शब्द बोललो. त्यातलं एक वाक्य मी गाळलं असतं तरी चाललं असतं, पण मी म्हणालो, “या रस्त्याचा प्रश्न मी स्वतः मार्गी लावीन.” आबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, दुःखात माणूस असाच बघतो.

आणि दरवर्षी जयंतीला आबा मला वस्तीत बोलवत. मी जायचो. पुतळ्याला हार घालायचो, भाषण करायचो. निघताना जीप विहारापाशी उभी असायची, पण आबा मला तिकडे न नेता वळसा घालून खालच्या अंगाला, उसाच्या कोपऱ्यापर्यंत चालवत न्यायचे. तिथे थोडं उभं राहायचं. मग म्हणायचे, “बरं, साहेब,” आणि आम्ही परत फिरायचो. मला वाटायचं, मोठ्या माणसाला चार पावलं पोचवायची त्यांची रीत असेल.

मी विसरलो होतो असं म्हणणं सोपं आहे. खरं असं की, दरवर्षी ती गोष्ट मी जरा वेगळी सांगत गेलो. आधी स्वतःला, मग कार्यकर्त्यांना. ‘दावा मागे घेतला’ याचं ‘समझोता झाला’ झालं. ‘समझोता झाला’ याचं ‘मी घडवून आणला’ झालं. गौरवअंकासाठी ते वाक्य सांगताना माझा आवाज अडखळला नाही. लिहून घेणारा ज्युनिअर म्हणाला, “सर, हे फार मोठं काम आहे.” मी मान हलवली.

अंक निघून महिना झाला असेल. एका दुपारी कोर्ट सुटल्यावर एक तरुण वकील बाई घरी आली. काळा कोट हातावर, खांद्याला फायलींची पिशवी. दौंडला प्रॅक्टिस करते म्हणाली. बायकोने पाणी दिलं, ते घेतलं, पण बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

“सर, तुमचा अंक आम्हाला बाररूममध्ये मिळाला. त्यातल्या एका वाक्याबद्दल विचारायचं होतं.”

मला वाटलं, कौतुक करायला आली आहे. तिने ते पान उघडून टेबलावर ठेवलं. शेजारी एका जुन्या कागदाची झेरॉक्स ठेवली.

“हे मधलं हाताने लिहिलेलं वाक्य. हे अक्षर तुमचं आहे का?”

माझा ‘म’ मला लगेच ओळखू आला. मी शाळेपासून ‘म’ असाच लिहितो, खालची गाठ न भरता. खाली आबांची सही होती, पूर्ण नावाची.

“तुम्ही कोण?” मी विचारलं.

“त्यांची नात.”

मला पहिल्यांदा जे सुचलं ते वकिलाचं सुचलं. मी म्हणालो, “ही नक्कल तुम्ही कधी काढलीत?”

“मी नाही काढली, सर. आजोबांनी काढली. शिक्का बघा.”

मी शिक्का पाहिला. नक्कल दिल्याची तारीख दावा निकाली निघाल्यानंतर सात आठवड्यांनीची होती.

सात आठवडे म्हणजे बायकोला ओढ्यातून नेताना त्यांना माहीत होतं. मी श्रद्धांजलीत बोलत होतो तेव्हा माहीत होतं. एकेका जयंतीला माझ्या हातात हार देताना, कोपऱ्यापर्यंत चालताना, सगळी वर्षं माहीत होतं. मी जे त्यांच्यापासून लपवून ठेवलंय असं मला वाटत होतं, ते त्यांच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेलं होतं.

“मग ते बोलले का नाहीत?” माझ्या तोंडून आलं.

“कुणाकडे बोलणार? त्या वर्षी ते पाच वकिलांकडे गेले. शिरूरला तीन, दौंडला दोन. पहिल्या दोघांनी कागद बघून परत दिला. तिसऱ्यांनी चहा पाजला आणि विचारलं, ‘आबा, सही तुमचीच ना?’ चौथे म्हणाले, ‘ते आता मेंबर झालेत, त्यांच्याकडूनच काम करून घ्या.’ पाचवे खरं बोलले. म्हणाले, ‘त्यांच्याविरुद्ध मी उभा राहिलो तर उद्या मला टेबल उचलावं लागेल.’” ती थांबली. “मग आजोबांनी ठरवलं की सहावा वकील घरातच करायचा. माझ्या वडिलांना जमलं नाही. मला जमलं.”

बायको दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती.

मी म्हणालो, “मी आबांची माफी मागतो. तुमचीही.”

“माफी नको, सर. माफीने अर्जाला झालेला विलंब माफ होत नाही.” तिने पिशवीतून दुसरा कागद काढला. “प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आहे. तो आदेश फसवणुकीने मिळवला, म्हणून रद्द करा आणि दावा पुन्हा चालवा. ही फसवणूक आतून सांगू शकेल असा एकच माणूस जिवंत आहे. तुमचं प्रतिज्ञापत्र पाहिजे. मजकूर कोरा ठेवलाय. तुम्हीच लिहा.”

मी आठ दिवस मागितले. ती म्हणाली, “तीस वर्षांच्या वर घेतलीत. आठ दिवस घ्या.”

त्या आठ दिवसांत मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, “बाबा, सनद जाईल. गुन्हाही दाखल होऊ शकतो. या वयात कशाला?” तो चुकीचं बोलत नव्हता. आबांच्या नातीने जाताना त्या पाचांची नावं सांगितली होती. चौथ्या दिवशी मी त्यांतल्या एकाला फोन केला. आम्ही एकत्र वकिली सुरू केली होती. माझ्या पंचाहत्तरीच्या सत्काराला माझ्या डाव्या हाताला तोच बसला होता.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“काय?”

“रस्त्याच्या पुरसीसचं.”

तो म्हणाला, “सगळ्यांनाच माहीत होतं. आम्हाला माहीत आहे हे तुला माहीत नव्हतं काय?”

मी फोन ठेवला. त्या सत्कारात पाचांतले तिघे व्यासपीठावर होते. शाल घालणारा त्यातलाच एक. मी मिटवणारा वकील म्हणून भाषणं झाली तेव्हा हे तिघे टाळ्या वाजवत होते. त्यांचा राग यावा असं मला फार वाटलं, पण कोरे कागद त्यांच्याही कपाटात होते आणि आपल्याला ज्याची भीती तेच दुसऱ्याने केलं की माणूस चहा पाजून विषय संपवतो. मीही तेच केलं असतं.

सातव्या दिवशी मी आबांकडे गेलो. नव्वदीला आले होते. अंगणात बाजेवर बसले होते, पाय चादरीत. सून दारात कांद्याची पात निवडत होती.

“या, साहेब. बसा.”

“आबा, मी...”

“नातीनं सांगितलंय. तारीख कवा हाय?”

“अर्ज अजून जायचाय. पुढच्या महिन्यात लागेल.”

“येनार ना? का पुन्यांदा ताप यील?”

दारातून सून फस्‌कन हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मला क्षणभर कळलंच नाही. मग आठवलं. तहसीलदारांच्या रोजनाम्यात ‘वादी आजारी’ असं लिहिलं होतं. नकलेत तेही होतं. त्यांनी स्वतःच्या आजारपणाबद्दल सरकारी कागदात वाचलं होतं.

मी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं, तरी दरवर्षी मला का बोलवत होतात?”

“मेंबर हुता तुम्ही. मेंबराला बोलवावंच लागतं. दिव्याचा खांब, पान्याची टाकी, कुनाकडं मागायची?” त्यांनी चादर गुडघ्यावर ओढली. “आन् कोपऱ्यावर न्यायचो ते म्हटलं, हितं उभं ऱ्हायलं की बोलतील. एक डाव तर लई येळ उभं हुता तुम्ही. मला वाटलं, आता बोलनार. आन् तुम्ही काय म्हनला, ठावं हाय?”

मला आठवत नव्हतं.

“म्हनला, ‘आबा, आप्पांचा ऊस यंदा जोरात हाय.’”

ते हे रागाने म्हणाले नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. मी चहा प्यालो. कप खाली ठेवताना बशीत सांडला, तर म्हणाले, “असू द्या.”

दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र लिहिलं. चार पानं झाली. आप्पांच्या घरातला चहा, लिफाफा, बोटभर जागा, ताप, सगळं. नोंदवायला गेलो तेव्हा आबांची नात माझ्यासोबत होती. अधिकाऱ्याने विचारलं, “मजकूर वाचून सही करताय ना?” असं ते सगळ्यांनाच विचारतात. मला ‘हो’ म्हणायला वेळ लागला.

आप्पा केव्हाच वारले होते. पुतण्या आता जमीन बघतो, साठीचा झाला आहे. त्याने मला रस्त्यात गाठलं. “वकीलकाका, आमच्या काकांनी काय तुमचा हात धरून लिव्हून घेतलं हुतं का? मेलेल्या मानसाला कशाला ओढता?” मी म्हणालो, “नाही, हात कुणी धरला नव्हता. तसंच लिहिलंय मी.” त्याला हे उत्तर अपेक्षित नसावं. गाडी चालू करून निघून गेला.

प्रांतांपुढे त्याच्या बाजूने उभे होते ते वकील म्हणजे आबांना चहा पाजणारे, ते तिसरे. वय झालंय, पण उलटतपासणीत आजही धार आहे.

“साक्षीदार, तुम्ही तेव्हा तहसीलदारांशी खोटं बोललात, की आज इथे बोलताय?”

“तेव्हा.”

“म्हणजे न्यायालयापुढे खोटं बोलण्याची तुम्हाला सवय आहे.”

“होती.”

“ही सही कोऱ्या कागदावर घेतली होती, हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकेल?”

मी म्हणालो, “तुम्ही सांगू शकाल. तो कागद घेऊन आबा सात-आठ आठवड्यांतच तुमच्याकडे आले होते. तुम्ही त्यांना चहा दिला होता.”

प्रांतांनी मान वर केली. बाई होत्या, चाळिशीच्या आत असतील. त्यांनी त्या वकिलांकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. ते चष्मा पुसत म्हणाले, “साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगावं,” आणि खाली बसले. आबांची नात शेवटच्या बाकाशी काहीतरी लिहीत होती. तिने वर पाहिलं नाही.

निकालाला पाच महिने लागले. विलंब माफ झाला, जुना आदेश रद्द झाला, दावा तहसीलदारांकडे परत गेला. म्हणजे सगळं पहिल्यापासून. नोटिसा, जबाब, स्थळपाहणी, साक्षी. माझी साक्ष पुन्हा. ते तीन म्हातारे आता नाहीत. जुना नकाशा आहे आणि मी आहे. दावा चालेपर्यंत एक तात्पुरता हुकूम झाला आहे, की मयत नेण्यापुरती आठ फुटांची पट्टी उसातून मोकळी ठेवावी. पुतण्याने अपील करतो म्हटलं आहे. माझ्या विरोधात वकिलांच्या शिस्तसमितीकडे एक तक्रार गेली आहे. ती कुणी केली हे मी विचारलं नाही. तक्रार बरोबर आहे.

मागच्या आठवड्यात नातीचा फोन आला. तिच्या आवाजात मी कधी चढउतार ऐकलेला नाही, तेव्हाही नव्हता. म्हणाली, ऊस तोडला, पण पट्टीतली खोडकी तशीच ठेवली होती, पुन्हा फुटावीत म्हणून. वस्तीतल्या बायकांनी सकाळी जाऊन कुदळीने ती उपटली. मग आजोबा म्हणाले, मला जिवंतपणी एकदा जाऊन येऊ द्या. वॉकर घेऊन निघाले. नदीपर्यंत गेले, तिथे टेकून बसले, पाणी प्याले आणि परत आले. जायला-यायला दोन तास लागले. कुणाला हात लावू दिला नाही.

मी विचारलं, “मी येऊ का एकदा बघायला?”

ती म्हणाली, “सर, तुम्ही साक्षीदार आहात. तारखेला या.”